कंट्रोल सरफेसच्या खुणा, जुळणी व स्वतंत्र तपासणीबाबत निवेदन

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
(मार्फत : पश्चिम विभाग कार्यालय, मुंबई)

विषय : विमानाच्या एलेरॉन, एलेव्हेटर व रडरची जुळणी करताना मोजमापाची नोंद व स्वतंत्र तपासणी सक्तीची करणेबाबत.

महोदय,

आम्ही महाराष्ट्रातील विमान देखभाल अभियंते, तंत्रज्ञ व प्रशिक्षणार्थी पुढील बाबी आपल्या निदर्शनास आणत आहोत.

8 जानेवारी 2003 रोजी अमेरिकेतील शार्लट येथे एअर मिडवेस्टचे बीच 1900डी विमान उड्डाण करताच कोसळले आणि त्यातील सर्व 21 जण दगावले. दोनच दिवसांपूर्वी एलेव्हेटरच्या केबलची जुळणी झाली होती. त्यातील काही टप्पे गाळल्याने एलेव्हेटर खालच्या दिशेने पुरेसा वळत नव्हता. तंत्रज्ञाला काम शिकवणाऱ्या निरीक्षकानेच ते तपासून सही केली होती. विमानाचा मागे सरकलेला भारही अपघाताला कारणीभूत ठरला. 11 नोव्हेंबर 2018 रोजी पोर्तुगालमध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर निघालेल्या एअर अस्तानाच्या एम्ब्रेअर 190 मध्ये एलेरॉनच्या केबल उलट जोडलेल्या होत्या. वैमानिकांनी ते विमान मोठ्या शर्थीने बेजा येथे उतरवले.

प्रशिक्षणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेस्ना 172 चा एलेरॉन वर 20 आणि खाली 15 अंश वळावा लागतो. फरक एका अंशापर्यंतच चालतो. तो नुसत्या नजरेने कळत नाही. दुहेरी तपासणीची पद्धत आपल्याकडे आहे. पण दुसरी सही करणाऱ्याने स्वतः मोजले नसेल, तर त्या सहीला अर्थ उरत नाही.

म्हणून आमच्या मागण्या :

1. केबल, टर्नबकल, पुली किंवा कंट्रोल सरफेसचे काम झाल्यावर दुसरी तपासणी त्या कामात किंवा ते शिकवण्यात सहभागी नसलेल्या अधिकृत व्यक्तीनेच करावी.

2. वर्क कार्डवर केवळ ‘तपासले’ असा शेरा चालू नये. प्रत्येक दिशेचे मोजलेले अंश, केबलचा ताण, त्या वेळचे तापमान, उपकरणाचा क्रमांक व कॅलिब्रेशनची मुदत नोंदवावी.

3. दिशेची तपासणी दोघांनी करावी. कॉकपिटमधल्याने कंट्रोल डावीकडे वळवताच डावा एलेरॉन वर व उजवा खाली गेला, हे पंखाजवळच्याने पाहून मोठ्याने सांगावे.

4. रंगकामानंतर जुळणीच्या खुणा व ‘पाय ठेवू नये’ यांसारख्या सूचना पूर्ववत केल्याशिवाय विमान सोडू नये. रंगाच्या जादा थरांनी कंट्रोल सरफेसचे संतुलन बिघडून फ्लटरचा धोका संभवतो. त्यामुळे निर्मात्याच्या सूचनेनुसार संतुलन तपासावे.

5. शिफ्ट बदलताना अपुऱ्या कामाची लेखी नोंद द्यावी. शंका आल्याने विमान थांबवणाऱ्या तंत्रज्ञाला संरक्षण मिळावे.

वरील बाबींवर परिपत्रक काढून त्याची अंमलबजावणी फ्लाइंग क्लबपासून मोठ्या देखभाल केंद्रांपर्यंत अचानक पाहणीद्वारे तपासावी आणि झालेल्या कार्यवाहीची माहिती आम्हास लेखी कळवावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
विमान देखभाल अभियंते, तंत्रज्ञ व प्रशिक्षणार्थी, महाराष्ट्र