चित्र कोणी काढलं?

गेल्या दिवाळीच्या आधी आमची जी फजिती झाली, तिथूनच सुरुवात करतो.

वर्गासाठी 'दिवाळीचा किल्ला' या विषयावर एक पानाची गोष्ट तयार करून आणायची पाळी आमची होती. आम्ही नवरा-बायको दोघंही संगणकवाले. गोष्ट लिहायला दोन रात्री जागलो. चित्राचं काम मात्र कॉम्प्युटरला सांगितलं आणि अर्ध्या मिनिटात छान रंगीत चित्र हजर! आम्ही खूश. रविवारी प्रती काढल्या आणि मुलांच्या हातात दिल्या. फोटोकॉपीत रंग गेले, चुका तेवढ्या राहिल्या. किल्ल्याला परीकथेतल्या राजवाड्यासारखे निमुळते मनोरे होते. आकाशकंदिलाच्या जागी चिनी दिव्यासारखा एक गोल लोंबत होता. आजीचं नऊवारी म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेली चादर, कासोट्याचा पत्ता नाही.

आमच्या धाकटीनं अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत विचारलं, "बाबा, हे चित्र कोणी काढलं?"

"कॉम्प्युटरनं."

"त्यानं किल्ला बघितलाय का?"

आम्ही गप्प बसलो. आम्ही स्वतः लहानपणी चाळीच्या अंगणात दगडमातीचा किल्ला केला होता, त्यावर हळीव पेरले होते, मावळे मांडले होते. म्हणजे ज्यांनी किल्ला पाहिला होता त्यांनी चित्र काढलं नाही, आणि ज्यानं काढलं त्यानं किल्ला पाहिलाच नव्हता.

आज हे सगळं लिहायचं कारण म्हणजे पालकांच्या बैठकीत निघालेला प्रश्न. वर्ग दीड तासाचा. त्यातला शेवटचा अर्धा तास चित्रांना द्यावा की नाही? काही पालकांचं म्हणणं असं, की मुलांना अजून बाराखडी धड येत नाही, चित्रकला तर शाळेतही शिकवतात. मग मराठीचा वेळ त्यात कशाला घालवायचा? हे म्हणणं चुकीचं नाही. खरं सांगायचं तर गेल्या वर्षी आमचंही मत हेच होतं. आता ते बदललं आहे. का बदललं, ते सांगतो.

या उन्हाळ्यात आम्ही मुलांना घेऊन चॅड्स फोर्डला गेलो होतो. आपल्या स्टेट कॉलेजहून साडेतीन-चार तासांचा रस्ता. तिथे नदीकाठच्या एका जुन्या पिठाच्या गिरणीत ब्रँडीवाइन कलासंग्रहालय आहे. नदीकाठी कारखाने येणार असं दिसल्यावर १९६७ साली गावकऱ्यांनी एक ना-नफा संस्था काढून जमीन वाचवली आणि १९७१ मध्ये त्याच संस्थेनं हे संग्रहालय उघडलं. इतर चित्रांबरोबरच इथे पुस्तकांसाठी काढलेल्या मूळ चित्रांचा मोठा मान आहे. एन. सी. वायथ या चित्रकारानं 'ट्रेझर आयलंड'च्या १९११ च्या आवृत्तीसाठी चित्रं काढली. त्या कमाईतून त्यानं चॅड्स फोर्डमध्ये जमीन घेतली आणि घर व स्टुडिओ बांधला. तो स्टुडिओही संस्थेनं जपला आहे. पुस्तकात तळहाताएवढं दिसणारं चित्र मुळात केवढं मोठं असतं, ते पाहून आमची मुलं तोंड उघडं टाकून उभी राहिली.

या वायथचा गुरू हॉवर्ड पाइल. विल्मिंग्टनला त्यानं स्वतःची शाळा काढली, पण विद्यार्थ्यांकडून फी घेतली नाही. उन्हाळ्यात निवडक विद्यार्थ्यांना घेऊन तो चॅड्स फोर्डला येई आणि उघड्यावर चित्रं काढायला लावी. १९११ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी विल्मिंग्टनच्या लोकांनी त्याची चित्रं जपण्यासाठी एक संस्था स्थापन केली. आजचं डेलावेअर कलासंग्रहालय त्यातूनच उभं राहिलं. प्रदर्शन, शिकवणं आणि कलावंतांनी एका जागी राहून काम करणं, या तिन्ही गोष्टी तिथे शंभर वर्षांपूर्वीच सुरू झालेल्या होत्या.

परत येताना गाडीत आम्ही विचार करत होतो, की हे आपल्याकडे का नाही? मग आठवलं, की आहे की! साताऱ्याजवळच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी काढलेल्या चित्रांचं 'चित्ररामायण' १९१६ साली प्रसिद्ध झालं. १९३८ मध्ये त्यांनी औंधच्या यमाईच्या डोंगरावर श्री भवानी चित्रसंग्रहालय उघडलं. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे. एवढ्या लहान गावात!

इंजिनियर मंडळींनी पुढची गोष्ट जरूर ऐकावी. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले होते. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नव्हते, म्हणून चित्रकला सुटली आणि ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. पुढे औंधच्या याच राजांनी त्यांना देवळाच्या सभामंडपाचं काम दिलं आणि नंतर, १९१० मध्ये, कारखान्यासाठी कुंडलजवळची माळरानाची जमीनही दिली. तीच आजची किर्लोस्करवाडी. तेव्हा 'चित्रं काढून काय होणार' असं म्हणताना आपण जरा जपून बोलावं!

आता आपल्या घराघरांतल्या चित्रांकडे येऊ. आपल्यापैकी बहुतेकांचं बालपण छापील चित्रांत गेलं. गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' हा अंक सुरू केला. त्यांची मुखपृष्ठं कितीतरी घरांत कापून, चौकटीत घालून भिंतीवर लावलेली असत. शि. द. फडणीस यांनी तर शब्दांवाचून हसवलं. 'मोहिनी'च्या दिवाळी अंकावरचं त्यांचं ते चित्र आठवतंय? एकाच्या कपड्यांवर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर, आणि दोघं शेजारी शेजारी उभी! ते चित्र आम्ही वर्गात दाखवलं तेव्हा ज्यांना एक ओळ मराठी वाचता येत नाही ती मुलंसुद्धा खो-खो हसली. मग त्यांना ते एकमेकांना सांगायचं होतं आणि त्यासाठी शब्द हवे होते. 'उंदीर', 'शेपटी', 'घाबरला', 'पळाला', हे सगळे शब्द दहा मिनिटांत फळ्यावर आले. आम्ही तीन रविवार शिकवूनही जे जमलं नव्हतं, ते एका चित्रानं केलं.

हाच आमचा मुख्य मुद्दा आहे. आपल्या मुलांच्या रोजच्या जगात उंबरठा नाही, माजघर नाही, कौलारू छप्पर नाही. शब्द शिकवला तरी तो डोळ्यांसमोर काही उभं करत नाही. जिनं ते घर पाहिलं आहे अशा माणसाचं चित्र असेल तर शब्दाला घर मिळतं. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' पाहा. लिहिणारी आणि चित्रं काढणारी व्यक्ती एकच. त्या पानांवरची माणसं पाहिली की आपल्या नात्यातलंच कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं. म्हणून चित्राचा अर्धा तास हा मराठीच्या वेळेतून कापलेला नाही. तो मराठीचाच अर्धा तास आहे.

दुसरा मुद्दा जरा लागेल असा आहे. आपण ही चित्रं जपली का? आमच्या आईनं वीस वर्षांचे दिवाळी अंक माळ्यावर ठेवले होते. घर रिकामं करताना आम्हीच ते किलोच्या भावानं रद्दीवाल्याला दिले. विल्मिंग्टनच्या लोकांना एका वर्षात जे सुचलं, ते आम्हाला आपल्याच माळ्यावर उभं राहून सुचलं नाही. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

नुसतं वाईट वाटून उपयोग नाही, म्हणून चार सूचना.

पहिली. वर्गात वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक कागदावर चित्रकाराचं नाव लिहावं, मग तो नामवंत असो की दुसरीतला मुलगा. कॉम्प्युटरनं काढलं असेल तर तसं स्पष्ट लिहावं. आम्ही याच धंद्यातले आहोत, यंत्राला नावं ठेवत नाही. अक्षरं गिरवण्याचे कागद त्यानं खुशाल करावेत. पण किल्ला, वाडा आणि आजी मुलांनी आणि मोठ्यांनी हातानं काढावी. वाकडी आली तरी चालेल.

दुसरी. येत्या दिवाळीच्या कार्यक्रमात एक भिंत चित्रांसाठी राखावी. प्रत्येक घरानं एक मराठी चित्र आणावं: जुना अंक, कॅलेंडर, लग्नपत्रिका, पाठ्यपुस्तक, काहीही चालेल. त्याखाली मुलांनी मराठीत तीन ओळी लिहाव्यात, की चित्र कोणी काढलं, त्यात काय दिसतं, आणि आपल्या घरी ते कुठून आलं. ज्यांच्या घरी काहीच नसेल त्यांनी 'किशोर'चे जुने अंक पाहावेत. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक इंटरनेटवर वाचायला मिळतात.

तिसरी. परदेशातल्या संस्था चित्रकारांना राहायला बोलावतात, त्यासाठी मोठा निधी लागतो. आपल्याकडे आजी-आजोबा सहा-सहा महिने येऊन राहतात, तेही विनामूल्य! त्यांच्यातल्या कुणाला ठिपक्यांची रांगोळी येते, कुणी शाळेत चित्रकला शिकवत होते. त्यांना बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर बसवण्यापेक्षा महिन्यातून एक रविवार वर्गात आणू या. त्यांचाही वेळ चांगला जाईल.

चौथी. आपल्या गावात १९६७ पासून जुलैमध्ये कलामहोत्सव भरतो आणि त्यात मुलांनी स्वतः केलेल्या वस्तू फूटपाथवर मांडून विकण्याचाही एक दिवस असतो. आपल्या मुलांनी तिथे आपली चित्रं मांडावीत आणि खाली देवनागरीत सही करावी. येणारे-जाणारे विचारतील, ही कुठली अक्षरं? उत्तर द्यायची जबाबदारी मुलांची.

मुलांनो, तुमच्यासाठी एकच काम. पुढच्या रविवारी येताना दिवाळीच्या किल्ल्याचं चित्र काढून आणा. किल्ला पाहिला नसेल तर आई-बाबांना किंवा फोनवर आजीला विचारा, की तुमचा किल्ला कसा होता? दार कुठे होतं? महाराज कुठे बसवले होते? मग काढा. धाकटीनं आमच्याकडून कालच सगळी माहिती घेतली आहे. तिच्या चित्रात किल्ला चाळीपेक्षा उंच झाला आहे, पण कोपऱ्यात तिनं नाव लिहिलं आहे, तेही मराठीत. वेलांटी चुकली आहे. ती आपण वर्गात सुधारू.

आमच्या म्हणण्यात काही चुकत असेल तर पालकांनी जरूर कळवावं. बैठकीत बोलूच.