'मोकळी' या एका शब्दापायी

या अंकाची जुळवाजुळव करताना आम्ही गिरणगावाचा नकाशा समोर ठेवला होता. मुंबईतल्या कापड गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने तिचे ढोबळमानाने तीन वाटे केले : एक मैदाने-बागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१मध्ये दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, असे ठरले. गिरणीच्या आवारात शेडच शेड. मोकळी जागा उरणार किती? शहराचे वाटे आक्रसले. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली.

हे आज का सांगायचे? जमिनीचे आरक्षण बदलण्याचे प्रस्ताव आपल्याही शहरात येतच असतात. प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदलाची सूचना निघाली की हरकतींसाठी महिनाभर मिळतो. पण सूचना असते सर्व्हे नंबरांच्या भाषेत. आपल्या मुलांचे मैदान त्यात आहे हे कळेपर्यंत मुदत सरते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. वर्षानुवर्षे आरक्षणात अडकलेल्या, मोबदलाही न मिळालेल्या छोट्या जमीनमालकाचे दुःखही खरेच आहे; त्यालाही या अंकात जागा दिली आहे.

भर मात्र वाचकाच्या हाती काय आहे यावर : सूचना कशी वाचावी, हरकत कशी लिहावी, सुनावणीत काय मांडावे. तुमच्या प्रभागातले एखादे आरक्षण उठले असेल, किंवा हरकतींमुळे टिकले असेल, तर आम्हाला जरूर कळवा. सूचनेचे कात्रण जपले असेल तर तेही पाठवा.