नशेच्या गुन्ह्यातही बचावाचा वकील हवाच



पावसाळ्यात भाटघर, पानशेत, मढे घाट आणि राजगड-तोरण्याच्या वाटेवर शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. त्यातले काही जण दारू पिऊन, काही गांजा ओढून, तर काही त्याहून वाईट काहीतरी घेऊन स्टेअरिंगवर बसतात, हे आम्हा भोर-वेल्ह्याच्या लोकांना कुणी सांगायला नको. वळणावर समोरून येणारी दुधाची गाडी किंवा शाळेतून परतणारी पोरे त्यांच्या तावडीत सापडतात. नाकाबंदी व्हावी, कडक व्हावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण या रागाच्या भरात एक मागणी सर्रास ऐकू येते, की अशा आरोपींचे वकीलपत्र कुणीच घेऊ नये. भोरच्या न्यायालयात काम करणारा वकील म्हणून मला ही मागणी चुकीची वाटते, आणि ती उद्या आपल्याच माणसांच्या मुळावर येईल अशी भीतीही वाटते.

आपल्या पसंतीचा वकील देण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २२ ने अटक झालेल्या प्रत्येकाला दिला आहे. अमक्याचे वकीलपत्र घ्यायचे नाही, असे वकील संघटनांनी केलेले ठराव सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये रद्दबातल ठरवले. हा मुद्दा मिटलेला आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. खरी अडचण कायद्याच्या मजकुरात आहे आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दोन वेगळे गुन्हे आहेत. दारूसाठी आकडा ठरलेला आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त. अमली पदार्थासाठी असा कोणताही आकडा नाही. तिथे सिद्ध करावे लागते ते हे, की गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल त्या माणसावर होता. म्हणजे अंगात पदार्थ सापडला एवढ्यावर गुन्हा शाबीत होत नाही, त्या वेळी त्याची अवस्था काय होती हेही दाखवावे लागते. आता गांजाचे अंश नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक दिवस सापडतात, कधी काही आठवडेही. उलट रक्तातले प्रमाण काही तासांत उतरते. त्यामुळे उशिरा घेतलेल्या नमुन्यातून दोषी निसटू शकतो, आणि चार दिवसांपूर्वी ओढलेला पण आज शुद्धीवर असलेला माणूस अडकू शकतो.

शिवाय फुंकायला लावायचे यंत्र फक्त दारू ओळखते. कलम २०४ खाली रक्त मागण्याचा अधिकारही त्या यंत्राशीच बांधलेला आहे : यंत्राने दारू दाखवली किंवा माणसाने फुंकायला नकार दिला, तर रक्त. गांजा ओढलेला माणूस बिनदिक्कत फुंकतो, यंत्र शून्य दाखवते. मग पोलिसांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ चा आधार घेऊन वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. हे रात्री दोन वाजता, पावसात, केळद-पासलीच्या बाजूला अडवलेल्या गाडीबाबत करायचे आहे. त्यात मोटार वाहन कायद्याचे कलम २०२ सांगते, की १८५ खाली अटक केलेल्याची दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावे लागते. लोकांना वाटते, सुटला म्हणजे वकिलाने सोडवला. तसे नाही. कोठडीतून सुटणे वेगळे, गुन्ह्यातून सुटणे वेगळे. खटला उभाच राहतो, फक्त पुरावा हातचा गेलेला असतो.

पुरावा नसला की उरते ते पोलिसाचे आणि डॉक्टरचे वर्णन : डोळे लाल, चाल अडखळती, बोलणे असंबद्ध. बच्चूभाई करियानी यांच्या खटल्यात, आणि तो महाराष्ट्रातलाच होता, सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच सांगितले आहे की रक्ता-लघवीची तपासणी नसताना दारूचा वास, डगमगती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस नशेत होता असे धरता येत नाही. ज्याला नुकताच अपघात झाला आहे त्याचे पायही लटपटतात. साखर एकदम उतरलेला मधुमेही, डोक्याला मार बसलेला दुचाकीस्वार, फिट येऊ नये म्हणून गोळ्या घेणारा माणूस, हे सगळे पोलिसांच्या बॅटरीच्या उजेडात नशेतच दिसतात. झोपेसाठी डॉक्टर लिहून देतात ती अल्प्राझोलामची गोळी अमली पदार्थांच्या कायद्यात मनःप्रभावी द्रव्य म्हणून मोडते. अशा माणसाच्या बाजूने उभे राहून प्रिस्क्रिप्शन कोर्टापुढे ठेवणारा कुणीतरी लागतो की नाही?

आणि यात सर्वांत जास्त भरडला जातो तो पुण्याहून आलेला पैसेवाला नव्हे. त्याचा वकील तासाभरात येतो. भरडला जातो तो कापूरहोळ, नसरापूर, चेलाडी फाट्यावरचा टेम्पोवाला. त्याला सांगितले जाते, गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो. पण कलम १८५ हा चौकात पावती फाडून मिटणारा गुन्हा नाही. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दोषी ठरल्यावर कलम २० प्रमाणे किमान सहा महिने लायसन्सवर बंदी. म्हणजे ज्याला ‘मोकळा हो’ म्हटले, त्याचे सहा महिन्यांचे पोट गेले. कबुली देण्याआधी त्याला हे सांगणे म्हणजेच बचाव. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला तर अशा माणसाला मोफत वकील मिळू शकतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

१९ मे २०२४ चा पुण्यातल्या कल्याणीनगरचा अपघात अजून सर्वांच्या मनात आहे. दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि ससून रुग्णालयात आरोपीच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. खटला न्यायप्रविष्ट आहे, निकाल न्यायालय देईल. पण त्या घटनेतून लोकांनी वकिलांविरुद्धचा राग घेतला आणि नमुन्याचा प्रश्न तिथेच राहिला. नमुना कोणी घेतला, किती वाजता, बाटलीवर सील कोणाचे, ती कुठे ठेवली, गणेशखिंडच्या प्रयोगशाळेत कोणी पोचवली, ही साखळी तुटली की खटला तुटतो. अभिनेते सलमान खान यांना अपघाताच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी निर्दोष सोडले, त्या निकालातही रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवर बोट ठेवले होते. तेव्हाही लोक वकिलावर चिडले. उलटतपासणीत त्या साखळीबद्दल प्रश्न विचारले जाणार, हे माहीत असेल तरच ती नीट जपली जाते. वकीलच नसेल तर हे प्रश्न विचारणार कोण?

इंग्लंड आणि वेल्समध्ये २ मार्च २०१५ पासून अमली पदार्थांसाठीही रक्तातील मर्यादा ठरवून दिल्या गेल्या. गांजातील टीएचसीसाठी ती लिटरमागे २ मायक्रोग्रॅम आहे. पण तिथेच, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे औषध घेतलेल्या माणसाला बचावाची तरतूद आहे, आणि आरोपीने मागितल्यास नमुन्याचा एक भाग त्याला स्वतःच्या तपासणीसाठी मिळतो. कडकपणा आणि बचाव तिथे एकत्र नांदतात. आपल्याकडे केंद्राने अशा मर्यादा ठरवाव्यात, असे माझे मत आहे. पण त्याची वाट न पाहता भोर आणि वेल्हे, आताचा राजगड, या दोन्ही तालुक्यांत काही गोष्टी करता येतील. सरकारी दवाखान्यांत रात्रीही डॉक्टर हजर हवा, रक्त गोठू न देणाऱ्या आणि नासू न देणाऱ्या द्रव्याच्या सीलबंद बाटल्या हव्यात, नमुना ठेवायला कुलूपबंद फ्रिज हवा. अडवल्याची, अटकेची आणि रक्त काढल्याची वेळ लिहिण्यासाठी मराठीत छापील फॉर्म हवा आणि त्याची प्रत तिथल्या तिथे आरोपीला मिळावी. दुसरी बाटली त्याच्यासाठी राखून ठेवावी. प्रयोगशाळेचा अहवाल वर्ष-वर्ष रखडता कामा नये. तो येईपर्यंत टेम्पोवाला तारखांना येऊन येऊन थकतो आणि मेलेल्याचे घरचेही.

ज्यांच्या घरातले माणूस अशा अपघातात गेले त्यांचा राग मी कोर्टाच्या व्हरांड्यात रोज पाहतो. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की कच्च्या पुराव्यावर घाईने झालेली शिक्षा अपिलात टिकत नाही आणि ते दुःख त्यांना दुसऱ्यांदा भोगावे लागते.

येत्या ३१ डिसेंबरची नाकाबंदी लागण्यापूर्वी हे साहित्य आणि हा फॉर्म दोन्ही तालुक्यांत पोचणार आहे का, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींनी जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत विचारावा आणि त्याचे लेखी उत्तर मागून घ्यावे.

आपला,
भोर न्यायालयातील एक वकील