खाती उघडली, पुढे काय?

बँकेची नवी शाखा निघाली, की पहिल्या वर्षी वरचे साहेब एकच विचारतात: खाती किती उघडली? नफ्याचा प्रश्न तिसऱ्या वर्षी निघतो. तोवर मॅनेजरची बदली झालेली असते. चॅटजीपीटी आणि त्याच्या भावंडांविषयीच्या बातम्या वाचताना मला हे हटकून आठवते.

ओपनएआय या अमेरिकी कंपनीने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आणले. दोनच महिन्यांत वापरणारे दहा कोटी झाल्याचा अंदाज तेव्हा छापून आला होता. यातली बहुतेक खाती, आमच्या भाषेत, शून्य शिल्लकीची. आणि इथे प्रत्येक प्रश्नाला वीज जळते, महागड्या चिपा झिजतात. म्हणजे फुकटे गिऱ्हाईक वाढले की खर्चही वाढला. पैसे मोजणाऱ्यांचीही तीच कथा. महिना २०० डॉलरच्या वर्गणीतही आपल्याला तोटाच होतो, लोक अपेक्षेपेक्षा फार जास्त वापरतात, असे कंपनीप्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच जानेवारी २०२५ मध्ये सांगितले.

मग हे बिनकामाचे का? मुळीच नाही. विमा पॉलिसीच्या बारीक अक्षरांचा मराठीत गोषवारा द्यावा, भूमितीचे प्रमेय न चिडता चौथ्यांदा समजवावे, हे काम ते झकास करते. (न चिडण्यात तर आम्हा बापमंडळींना त्याने केव्हाच मागे टाकले.) मात्र बँकेत एक जण नोंद करतो आणि दुसरा तपासून सही करतो. या कारकुनाचे अक्षर सुरेख, पण ठाऊक नसलेलेही तो त्याच सुरेख अक्षरात लिहितो. सही कोणाची?

एअर कॅनडाच्या चॅटबॉटने आजी वारलेल्या एका प्रवाशाला तिकिटातली सवलत प्रवासानंतरही मागता येईल, असे चुकीचे सांगितले. चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही बांधील नाही, असा कंपनीचा पवित्रा. ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळून कंपनीला भरपाई द्यायला लावली.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये चॅटजीपीटीची ३९९ रुपये महिन्याची वर्गणी आली आणि नोव्हेंबरात तीच वर्षभर फुकट देऊ केली गेली. मुदत संपल्यावर ज्यांची रोजीरोटी त्यावर चालते ते भाषांतरकार, प्रोग्रॅमर पैसे भरतील. गृहपाठवाले भरणार नाहीत, असा माझा कयास. त्यांचा खर्च जाहिरातदार उचलतील. अमेरिकेत तशी चाचणी घेण्याचे कंपनीने जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केलेच. जाहिराती उत्तरापासून वेगळ्या राहतील, असे आश्वासनही दिले. कर्ज देताना आम्ही असली आश्वासने लेखी घेत असू, वर जामीनदारही मागत असू.