लेखकाचें स्वतःचें संकेतस्थळ

आपल्या लेखनाची वार्ता आपणच लोकांस सांगावी कीं नाहीं, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु इंटरनेटवर जो तो आपलें संकेतस्थळ उघडूं लागल्यापासून तो आमच्या विद्यार्थ्यांच्या दारींही येऊन ठेपला आहे. ज्या मुलामुलींस लेखनाची आवड आहे, त्यांनीं आपल्या कविता व गोष्टी अशा स्थळीं प्रसिद्ध कराव्या काय? आमचें मत असें कीं, अवश्य कराव्या. मात्र तेथें पुढें करावयाचें तें आपलें लेखन, आपण स्वतः नव्हे.

आत्मस्तुतीला आपल्याकडे कधींच मान नव्हता. समर्थ रामदासांनीं दासबोधांत मूर्खलक्षणें सांगतांना स्वतःची स्तुति करणारासही मूर्खांतच गणिलें आहे, आणि तें यथार्थ आहे. परंतु स्तुति करणें निराळें व माल उघडा करून दाखविणें निराळें. आंबेवाला आंबा कापून एक फोड गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवितो, त्यास कोणी बढाईखोर म्हणत नाहीं. अमेरिकन कवि वॉल्ट व्हिटमन यानें १८५५ सालीं आपल्याच काव्यसंग्रहावर निनांवी स्तुतिपर परीक्षणें लिहिलीं. त्याचें काव्य टिकलें तें स्वतःच्या गुणानें. त्या परीक्षणांचें आज हंसूंच होतें.

याउलट, सरळ मार्गाचें उदाहरण आपल्याच भाषेंत आहे. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही आपली कादंबरी त्यांतूनच क्रमशः वाचकांपुढें ठेविली. तेव्हां छपाई, कागद व टपाल यांचा भार उचलावा लागे. आज संकेतस्थळ तेंच काम अल्प खर्चांत करितें. अमेरिकेंतील अँडी वीअर यांनीं ‘द मार्शियन’ ही कादंबरी प्रथम आपल्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून विनामूल्य दिली. वाचकांनीं शास्त्रीय चुका दाखविल्या, त्या लेखकानें सुधारल्या. पुढें २०११ सालीं त्यांनीं स्वतःच तिचें ई-पुस्तक काढलें, २०१४ सालीं तिला मोठा प्रकाशक लाभला व २०१५ सालीं तिजवर चित्रपट निघाला. असें यश प्रत्येकास येतें असें नव्हे. पण चुका दाखविणारा वाचक मिळणें हा लाभ लहान नाहीं.

कोणी म्हणेल, समाजमाध्यमांवर फुकट जागा असतां निराळें स्थळ कशाला? परंतु ती जागा परक्याची. ‘जिओसिटीज’ या स्थळावर असंख्य लोकांनीं आपलीं पानें मांडलीं होतीं. २००९ सालीं मालक कंपनी याहू हिनें अमेरिकेंतील तें स्थळ बंद केलें आणि तीं पानें तेथून नाहींशी झालीं. स्वतःच्या नांवाच्या स्थळास दरसाल कांहीं शुल्क पडतें खरें, पण तेथील मांडणी आपल्या हातीं राहते. तरीही प्रत्येक लेखाची एक प्रत घरीं ठेवावीच.

अशा स्थळावर काय असावें? चार ओळींत परिचय, निवडक लेखन, त्याच्या तारखा, आणि पत्रव्यवहाराची सोय, इतकें पुरे. दुसऱ्याचें लेखन आपलें म्हणून कदापि देऊं नये. पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलांस हें करण्यास मना करूं नये, पण त्यांस एकटेंही सोडूं नये. घरचा पत्ता, दूरध्वनि, छायाचित्र हीं तेथें घालूं देऊं नयेत, व अनोळखी माणसाचें पत्र आल्यास तें वडीलधाऱ्यांनीं आधीं पाहावें.

आणि विद्यार्थ्यांनो, स्थळ सजविण्यांत जितका वेळ घालवाल त्याच्या दसपट वेळ लिहिण्यांत व वाचण्यांत घालवा. दुकानाची पाटी कितीही सुबक असली, तरी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतें तें आंतील माल पाहूनच.