भोपळा तरंगतो, झोळी नाही!

हल्ली आपल्या वयाच्या जोडप्याकडे बाळ येणार म्हटलं की आधी कुरिअरवाला घरचा होतो. स्ट्रोलर, कार सीट, बेबी मॉनिटर... आणि आता या यादीत नवी एंट्री म्हणजे वॉटर स्लिंग. जाळीदार कापडाची झोळीच ती. पाणी निथळून जातं, कापड झटपट वाळतं, बाळ छातीशी आणि तुमचे दोन्ही हात मोकळे. एकदम कूल!

माझ्या एका आयटीवाल्या मैत्रिणीनं सात महिन्यांच्या लेकीसाठी ती मागवली आणि मला विचारलं, ‘‘अगं, हिला बांधून दोन-चार लॅप्स मारता येतील ना? बाळंतपणानंतर माझं पोहणं पार सुटलंय.’’

प्रश्न रास्त आहे. ऑफिस, घर आणि बाळ सांभाळून तिला अर्धा तास स्वत:साठी हवा असेल, तर त्यात वावगं काय? पण उत्तर मात्र ठणठणीत ‘नाही’ असंच आहे. का, ते कळायला थेट आजोबांच्या गावच्या विहिरीवर जायला हवं.

तिथं पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा पत्र्याचा डबा बांधायचे. काका-मामा पाण्यात असायचेच. पोर गटांगळ्या खायचं, पण भोपळ्यातली हवा त्याला वर ठेवायची. स्लिंगमध्ये अशी हवा नसते. ती बाळाला तरंगवत नाही, फक्त तुमच्याशी बांधते. तुम्ही वर, तर बाळ वर. तुमचा पाय सटकला, तर तुमच्याबरोबर तेही खाली.

आता साधा हिशेब करा. स्लिंगमधल्या बाळाचं तोंड तुमच्या हनुवटीच्या खाली असतं. पाणी तुमच्या खांद्यापर्यंत आलं तरी तुम्ही मजेत श्वास घेत असता, पण बाळाच्या नाकातोंडात पाणी गेलेलं असतं. पोहायला आडवे झालात, की ते सरळ पाण्याखाली. त्या क्षणी ओल्या, ताणलेल्या कापडातून त्याला सोडवत बसायचं? ज्या मोकळ्या हातांसाठी स्लिंग घेतली, ते पाण्यात मोकळे ठेवायचेच नसतात. एक हात बाळावर, दुसरा कठड्यावर, हाच फंडा.

मग स्लिंग फेकून द्यायची? मुळीच नाही. शॉवरखाली, पूलच्या पायरीवर बसून, फार तर कमरेएवढ्या पाण्यात शांत उभं राहून ती वापरा. बाळाचा चेहरा सतत दिसायला हवा, हनुवटी त्याच्याच छातीला टेकलेली नको आणि मान खाली न वाकवता त्याच्या डोक्याची पापी घेता यायला हवी. साधी सुती स्लिंग मात्र घरीच ठेवा. ती भिजली की जड होते.

गळ्यात घालायच्या फुगवण्याच्या रिंगचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्या तान्ह्या बाळांसाठी धोक्याच्या आहेत, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं २०२२ मध्ये दिला. ‘लवकर शिकलं की बुडणार नाही’ हाही गैरसमजच. वर्षाच्या आतल्या बाळांना पोहण्याचे धडे दिल्यानं बुडण्याचा धोका कमी होतो याला पुरावा नाही, असं अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं २०१९ मध्ये स्पष्ट केलं. या वयात पाणी म्हणजे निव्वळ खेळ.

खेळ तरी किती वेळ? बाळाचं अंग पाण्यात आपल्यापेक्षा लवकर गार पडतं. अगदी लहान बाळांसाठी पाणी ३२ अंश सेल्सियसच्या आसपास हवं, असं ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते. आपल्या सोसायट्यांमधले बहुतेक पूल गरम केलेले नसतात. तेव्हा डिसेंबरातली सकाळ विसरा. पहिल्यांदा दहा मिनिटं पुरे. बाळ कुडकुडलं किंवा ओठ निळसर दिसले, की लगेच बाहेर काढून टॉवेलमध्ये गुंडाळा. नेहमीचा डायपर पाणी पिऊन टम्म फुगतो, म्हणून स्विम डायपर घाला. आणि निघण्याआधी बाळाच्या डॉक्टरांना एकदा विचारा.

हे सगळं घाबरवायला नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यातली जवळपास पाव पाच वर्षांच्या आतली होती. सिनेमात बुडणारा माणूस आरडाओरडा करतो. प्रत्यक्षात बाळ आवाजही न करता पाण्याखाली जातं, तेही आपण एक मेसेज वाचेपर्यंत.

आणि लॅप्स? त्या जरूर मारा! फक्त बाळ तेव्हा काठावर, कोरडं, जोडीदाराच्या मांडीवर असू दे. वीस मिनिटं तुमची, वीस मिनिटं त्याची. बाबालोक, तुमची पाळी आली की मोबाइल बॅगेत ठेवायचा, बरं का!