पोशाखाची तलवार

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा हातात जी तलवार धरतो, ती वार करण्याची. तलवार म्हणजे वार, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की मुख्यतः भोसकण्यासाठीच घडवलेली तलवारही असते, हे चटकन ध्यानात येत नाही. युरोपात सोळाव्या आणि सतराव्या शतकांत अशी एक तलवार मोठ्या दिमाखात मिरवत होती. तिचे नाव रेपियर.

मला जुन्या हत्यारांचा नाद आहे. (घरात विळीपलीकडे शस्त्र नाही, हे आधीच सांगून टाकतो.) त्यातही रेपियरचा नाद अधिक, कारण ही रणांगणावरची नव्हे, शहरातली तलवार. पंधराव्या शतकातल्या स्पेनमध्ये 'एस्पादा रोपेरा' असा शब्द आढळतो. रोपा म्हणजे कपडे. तेव्हा ही पोशाखाबरोबर ल्यायची तलवार! रेपियर हे नाव त्यावरूनच आले असावे, असे पुष्कळ जाणकार मानतात. चिलखत घालून कोणी बाजारात जात नाही. मग चिलखत फोडणारे जड पाते हवे कशाला? लांब हात आणि तीक्ष्ण टोक पुरे.

सिनेमातले नायक ही तलवार उदबत्तीसारखी फिरवतात. त्यावरून ती फुलासारखी हलकी असेल असे वाटते. प्रत्यक्षात तिचे वजन साधारण एक ते सव्वा किलो भरते. पाते सुमारे एक मीटर, कधी त्याहूनही लांब, आणि मुठीपाशी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर रुंद. एवढे लांब पाते हातात धरले तर टोक जमिनीकडे ओढणार. म्हणून मुठीच्या शेवटी लोखंडाचा जड गोळा बसवीत. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकलेले वजनच म्हणा ना! त्यामुळे तोल मुठीच्या थोडासाच पुढे येतो आणि टोक मनगटाचे ऐकते.

मुठीपाशी पात्याचा काही भाग मुद्दाम बोथट ठेवलेला असे. तलवार धरणारा तर्जनी आडव्या दांडीवरून पुढे नेऊन या बोथट भागाभोवती घेई. त्याने टोकावर ताबा येई. पण पुढे गेलेले बोट शत्रूच्या पात्याखाली सापडायचे! म्हणून तिथे लोखंडी कडी आली, कडीला जोडून कमान आली, कमानीला फाटे फुटले. या तलवारीच्या परजेवर जी वेलबुट्टीसारखी जाळी दिसते, ती आधी बोटे वाचवण्यासाठी जन्मली. नक्षी तिच्यावर मागाहून चढली. स्पेनमध्ये पुढे वाटीसारखी परज निघाली. तिचा काठ बाहेर वळवलेला असे. घसरत येणारे शत्रूचे टोक तिथे अडकून पडावे, हा त्यातला डाव.

पाते घडवणे हे तर खरे दिव्य. नुसते कडक पोलाद घेतले तर काचेसारखे तुटते. नुसते मऊ लोखंड घेतले तर वाकून तसेच राहते. म्हणून तोलेदोचे लोहार मऊ लोखंडाचा गाभा ठेवून त्यावर पोलाद चढवीत. या गाभ्याला ते 'आल्मा' म्हणत. आल्मा म्हणजे आत्मा! मग पाते लाल तापवून पाण्यात बुडवायचे. मीटरभर लांबीचे अरुंद पाते सर्वत्र सारखे तापवणे सोपे नाही. एक बाजू लवकर निवली की ते मुरडलेच. ते सरळ करून पुन्हा बेताने तापवायचे, म्हणजे कडकपणा थोडा उतरतो आणि लवचिकपणा येतो. शेवटी वाकवून सोडायचे. सुटताच सरळ झाले तर पास!

जर्मनीतल्या झोलिंगन गावी तर घडवणारा एक, पाणी देणारा दुसरा, मूठ जोडणारा तिसरा, अशी कामाची वाटणीच होती. वुपर नदीच्या काठी पाणचक्क्यांवर सहाणा फिरत. माल उत्तम निघे. पण गिऱ्हाइकाला हवे तोलेदोचे नाव! मग झोलिंगनची पाती तोलेदोच्या कारागिरांची नावे कोरून विकली जाऊ लागली. काहींवरचे स्पॅनिश स्पेलिंगही चुकलेले आहे. पासाउ गावची धावत्या लांडग्याची निशाणीही त्यांनी उचलली. म्हणून जाणकार आधी पाते वाचतो आणि मग त्यावरचे नाव.

याच युरोपातली पाती समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर उतरली. ती पुष्कळशी रेपियरपेक्षा रुंद होती. त्यांना आपल्याकडे देशी मूठ चढली आणि तलवारीचे नाव पडले 'फिरंग'. मूठ आपली, पाते परक्याचे. मराठ्यांनी त्यात कमीपणा मानला नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली एक रेपियर या साऱ्या कारागिरीचा कळस मानावी अशी आहे. ती सॅक्सनीचा राजा-निवडक दुसरा ख्रिस्तियान याची. मूठ ड्रेस्डेनच्या इस्राएल शूएखने 1606 साली घडवली. सोन्याचा मुलामा दिलेल्या काशाची, रत्नांनी आणि बारीक मोत्यांनी जडवलेली. पाते मात्र तोलेदोच्या हुआन मार्तिनेसचे. सोनारकाम घरचे, पण पोलादासाठी थेट स्पेन गाठले.

आता दुसरी रेपियर सांगतो. ती कुठल्याही काचेच्या कपाटात नाही; आहे फक्त कोर्टाच्या कागदात. 22 सप्टेंबर 1598 रोजी लंडनबाहेरच्या मोकळ्या शेतात नाटककार बेन जॉन्सन आणि नट गेब्रिएल स्पेन्सर यांचे द्वंद्व झाले. जॉन्सनच्या रेपियरने स्पेन्सरच्या उजव्या कुशीत सहा इंच खोल जखम केली आणि तो जागीच गेला. आरोपपत्रात हत्याराची किंमतही लिहिली आहे: तीन शिलिंग. गंमत पाहा, त्याच वर्षी जॉन्सनने आपल्या एका विनोदी नाटकात तलवारबाजीच्या बढाया मारणाऱ्यांची टर उडवली होती! लॅटिन वाचता येणाऱ्याला त्या काळी कायद्यात सवलत असे, म्हणून फाशी टळली. अंगठ्यावर डाग मात्र बसला. प्रतिपक्षाची तलवार आपल्यापेक्षा दहा इंच लांब होती, असे तो पुढे सांगे.

दहा इंचांची ही चढाओढ काही दोघांपुरती नव्हती. पाते जेवढे लांब तेवढी ऐट, म्हणून एलिझाबेथ राणीने 1562 साली एक यार्ड आणि अर्धा पाव, म्हणजे साडेचाळीस इंच, अशी मर्यादा घातली. फ्रान्समध्ये रिशल्यूने 1626 साली द्वंद्वाविरुद्ध कडक फर्मान काढवले. ते मोडणाऱ्या बूतव्हिल या उमरावाचे मस्तक 1627 साली उडवण्यात आले. हत्यार पोशाखाचा भाग झाले, की भांडण तोंडावरून हातावर यायला वेळ लागत नाही. कमरेला टोपी किंवा छत्री असती, तर त्या शेतातला वाद दोन शिव्यांवर मिटलाही असता.

ख्रिस्तियानच्या मुठीतले मोती पाहून कारागिराला दाद द्यावी, ती मनापासून द्यावी. पण ती जाळी, तो तोल, ते बोट पुढे घेण्याची सोय, सारे तीन शिलिंगांच्या तलवारीतही होते त्याच कामासाठी. मोती वजा केले, की दोन्ही टोके सारखीच.